गन काही निघेना

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला महाराष्ट्रात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. एका चार्जिंगमध्ये किती जाते, बॅटरी बदलायला किती खर्च येतो, आणि पाण्यातून नेली तर शॉक बसतो का. तिन्हींची उत्तरं आपल्याला पाठ असतात, कारण शोरूममध्ये आपणही हेच विचारून आलेलो असतो. चौथा प्रश्न मात्र कोणालाच सुचत नाही आणि शोरूममधला तो टाय लावलेला मुलगाही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. चार्जिंग झाल्यावर गाडीतून गन निघते का, हा तो प्रश्न.

लावताना काही अडचण नाही. गाडीचा फ्लॅप उघडावा, आतलं रबरी झाकण बाजूला करावं, चार्जरची गन उचलावी आणि खट्‌कन बसवावी. शाळेत जाणारं पोरगंही लावेल. खरी मजा काढताना आहे. लावायला आपला एक हात पुरतो. काढायला गाडी, चार्जर, मोबाइल, त्यातलं ॲप, ॲपवाल्यांचा सर्व्हर आणि त्या परिसरातला टॉवर, एवढ्या मंडळींचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यातला एक जण जरी जागेवर नसला तरी फाइल तिथेच पडून राहते आणि फाइलीला बांधलेले आपणही.

पेट्रोलपंपावर असलं काही नव्हतं. 'झिरो बघा साहेब' म्हणत पोरगा नोझल आत सारायचा, टाकी भरली की ते आपोआप बंद पडायचं, मग तो ते उपसून शेवटचे दोन थेंब आपल्या बंपरवर शिंपडायचा आणि मागच्या रिक्षाकडे वळायचा. नोझल काढण्यासाठी कोणाला ओटीपी आल्याचं ऐकिवात नाही.

बरं, हा दोष विजेचाही म्हणता येत नाही. २००१ साली बेंगळुरूच्या रेवा कंपनीने ती एवढीशी गाडी काढली, तेव्हा ती घरातल्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवर चार्ज व्हायची. गीझर लागतो त्याच जातीच्या पॉइंटवर. सकाळी बटण बंद करा, पिन उपटा, चला ऑफिसला. गाडी फार लांब जात नसे हे खरं, पण जिथे उभी होती तिथून निघत तरी असे.

पुढे गाड्या मोठ्या झाल्या, बॅटऱ्या मोठ्या झाल्या आणि पिनेची गन झाली. आपल्या गाड्यांना जी गन लागते तिचा वरचा गोलसर भाग म्हणजे टाइप-टू. तो जर्मनीच्या मेनेकेस कंपनीने २००९ च्या सुमाराला मांडला. सात पिनांच्या जागा आणि वरची बाजू सपाट, म्हणजे कोणी कितीही घाईत असला तरी उलटी लावता येणार नाही. त्याच्याच खाली डीसीच्या दोन जाड पिना जोडल्या की झाली सीसीएस-टू, म्हणजे हायवेवरची फास्ट चार्जिंगची गन. लावताना चूक होऊ नये याचा जर्मनांनी केवढा विचार केलाय पाहा. काढायचा विचार त्यांनी केला नाही असं नाही. फार केला, आणि तिथेच आपण अडकलो.

कारण या गनची कडी गनमध्ये नसते, गाडीत असते. सॉकेटच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक खिट्टी असते. चार्जिंग सुरू झालं की एक चिमुकली मोटर ती पुढे सरकवते आणि खिट्टी गनच्या अंगावरच्या खोबणीत जाऊन बसते. मग दारासिंग आला तरी गन हलत नाही.

हे असं का, ते मी एका इलेक्ट्रिकल इंजिनिअर मित्राला तावातावाने विचारलं होतं. त्याने शांतपणे जे सांगितलं त्यावर भांडायला जागा नव्हती. आपल्या घरातला एसी करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तो शून्यावर येतो. चालू पिन उपटली आणि ठिणगी पडली, तरी पुढच्या शून्याला तिला विझायची संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. तीनशे-चारशे व्होल्ट आणि शंभर अँपियर चालू असताना गन खेचलीत, तर ठिणगीची ज्योत होऊन ती गनच्या मागोमाग बाहेर येईल. म्हणून आधी चार्जरने करंट उतरवायचा. मग कॉन्टॅक्टर उघडायचे. मग गाडीने खात्री करायची की ते खरंच उघडलेत, चिकटून बसलेले नाहीत. मग केबलमधलं व्होल्टेज ६० च्या खाली आलंय का ते बघायचं. आणि हे सगळं जमलं की मग खिट्टीला मागे ये म्हणायचं.

"काही सेकंदांचं काम आहे," मित्र म्हणाला.

त्याच्याकडे डिझेलची गाडी आहे.

आता किल्लीकडे येऊ. काही गाड्यांत चार्जिंग थांबलं तरी गाडीचं कुलूप उघडल्याशिवाय खिट्टी सुटत नाही. नाहीतर कोणीही येऊन तुमची केबल काखोटीला मारेल, हा त्यामागचा विचार. ठीक आहे, उघडलं कुलूप. पण गाडी हुशार असते. तिला वाटतं, कुलूप उघडलं पण दार तर कोणी उघडलं नाही, म्हणजे मालकाच्या खिशात बटण चुकून दाबलं गेलं असणार. अर्ध्या मिनिटाने ती आपणहून सगळी कुलपं पुन्हा लावून घेते, खिट्टीसकट. तेवढ्यात आपण हातातली कोथिंबिरीची पिशवी बॉनेटवर ठेवलेली असते, शेजारच्या ॲक्टिव्हाचा आरसा वाकवून आडवे सरकत पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेले असतो आणि गनला हात घालतो, तोच आतून 'खट्' ऐकू येतं. खिट्टी सुटल्याचा आवाज आणि लागल्याचा आवाज हुबेहूब एकच आहे. कान लावून, डोळे मिटून ऐकलं तरी फरक कळत नाही. ओढून पाहावं तेव्हाच कळतं की हा दुसरा होता. ज्या माणसाने हे दोन आवाज एकसारखे ठेवले त्याला एकदा आमच्या पार्किंगमध्ये, त्या ॲक्टिव्हा आणि खांबाच्या मधे, उभं करून ठेवायचंय.

ॲपची गोष्ट आणखी वेगळी. प्रत्येक चार्जरवाल्याचं स्वतंत्र ॲप, प्रत्येक ॲपचं स्वतंत्र वॉलेट आणि प्रत्येक वॉलेटमध्ये आपले बुडीत खात्यात गेलेले सदतीस-अडतीस रुपये, इथवर आपण समजून घेतो. पण चार्जिंग सुरू केलं ॲपवरून, म्हणजे थांबवायचंही ॲपवरूनच, हा नियम जमिनीच्या वर ठीक आहे. एका मॉलमध्ये चार्जर दुसऱ्या तळघरात बसवलेत. तिथे मोबाइलला रेंज नाही. सुरू करताना मॉलचं वायफाय मिळालं होतं. सिनेमा पाहून खाली आलो तर वायफायने निरोप दिला की आजचा तुमचा मोफत कोटा संपला.

मग आमच्या घरात जे काही श्रमविभाजन आहे ते अमलात आलं. बायको मोबाइल घेऊन रॅम्पवरून वर गेली, मी खाली गन धरून उभा राहिलो. मध्ये वळणावर मॉलचा वॉचमन उभा होता, त्याने आपणहून मधल्या टप्प्याची जबाबदारी घेतली. वरून बायको ओरडली, "दाबलं!" वॉचमन माझ्याकडे वळून ओरडला, "मॅडमनी दाबलं!" मी किल्ली दाबली, गन ओढली. नाही. मी ओरडलो, "नाही निघत!" वॉचमन वर ओरडला, "साहेबांची निघत नाही!" रॅम्पवरून उतरणाऱ्या एका कुटुंबाने गाडीच्या काचा वर केल्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर वरून सविस्तर निरोप आला: "मॅडम म्हणतात, गोल गोल फिरतंय!" फिरणारं ते वर्तुळ थांबेपर्यंत आम्ही तिघं आपापल्या मजल्यावर उभे होतो. पार्किंगचं मीटर मात्र अजिबात अडकलं नव्हतं.

हायवेवर या सगळ्याला प्रेक्षक मिळतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ केलाय, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वाचलेले पैसे घरी येतात असं कोणी समजू नये. ८० टक्क्यांनंतर बॅटरी सावकाश भरते. तुम्ही एक मिसळ खाता, ८६ टक्के. ताक पिता, ८९. मुलांना आइस्क्रीम, ९१. टोलनाक्यावर वाचलं ते सगळं फूड मॉलच्या काउंटरवर मोजून होतं, आणि मग गन काढायला गेल्यावर ती निघाली नाही की कांदाभजी.

सातारच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात आमची गन अशीच बसून राहिली. चार्जिंग संपलं होतं, पैसे कापले गेले होते, कुलूप उघडं होतं, पण खिट्टी जागची हलेना. मी ओढतोय, गाडी हलतेय, गन नाही. पाचेक मिनिटांत गर्दी जमली. आपल्याकडे रस्त्यात कोणाचं काही अडलं की माणसं मदतीला येतात, यावर माझा विश्वास आहे. फक्त ती आधी चौकशी करतात.

"ॲव्हरेज किती देते?" पहिल्याने विचारलं.

मी एक पाय बंपरला लावून गन ओढत होतो. तशाच अवस्थेत आकडा सांगितला.

"एसी लावून?"

दुसऱ्याने गन डावी-उजवीकडे हलवून पाहिली आणि खोबरेल लावा म्हणाला. तिसऱ्याने बॅटरीची केबल काढायला सांगितलं. त्याला कोणती बॅटरी विचारल्यावर तो म्हणाला, "मोठी." एक ट्रकवाले काका हे सगळं तंबाखू मळत बघत होते. त्यांनी बार भरला, हात झटकले, चार्जरपाशी गेले आणि त्यावरचं लाल, भलंमोठं इमर्जन्सीचं बटण तळहाताने ठोकलं. अशी बटणं बघून हात शिवशिवतोच, काकांना दोष देत नाही. चार्जर गप्प झाला. पण त्याला दोन गना होत्या, आणि दुसऱ्या गनेला कोल्हापूरकडे निघालेल्या एका गृहस्थांची गाडी लागली होती. ते पोह्यांचा चमचा हातात घेऊन बाहेर आले. बोलले काहीच नाहीत. नुसते बघत राहिले.

ते लाल बटण एकदा दाबलं की फिरवून वर काढावं लागतं, आणि एवढ्यावर चार्जर शुद्धीवर येईलच असं नाही. म्हणून हेल्पलाइन. नऊ दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग एक अतिशय गोड आवाज: "सर, गन प्रॉपरली कनेक्टेड आहे का एकदा चेक कराल?"

मी म्हटलं, "ताई, तेवढं एकच काम नीट झालंय."

"ओके सर. मी इथून स्टॉप कमांड पाठवते. लाइनवर राहा."

मी लाइनवर राहिलो. गाडीतून बायको माहितीपुस्तक वाचून दाखवत होती. बऱ्याच गाड्यांत अशा वेळेसाठी एक दोरी किंवा तार ठेवलेली असते, ती ओढली की खिट्टी हाताने सुटते. ती कुठे आहे ते पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. आमच्या गाडीत ती डिकीतलं अस्तर काढल्यावर होती. डिकीत चार बॅगा, एक पापडाचा डबा आणि बायकोच्या मावशीने दिलेला फणस होता. फणस बाहेर येताच गर्दी वाढली.

इतक्यात हॉटेलातला टेबलं पुसणारा मुलगा आला. खांद्यावर ओलं फडकं. त्याने कोणालाच काही विचारलं नाही, ॲव्हरेजसुद्धा नाही. खाली लोंबणाऱ्या त्या मनगटाएवढ्या जाड केबलखाली त्याने गुडघा घातला, तिचं ओझं उचलून धरलं आणि गन दोन्ही हातांनी आत दाबली. आत! आम्ही सगळे इतका वेळ बाहेर ओढत होतो.

"आता किल्ली दाबा," तो म्हणाला.

खट्. गन त्याच्या हातात.

केबल जड असते. तिच्या वजनाने गन खाली ओढली जाते, खिट्टी खोबणीच्या कडेला दाबून बसते, आणि त्या चिमुकल्या मोटरच्या अंगात तिला सोडवून मागे घेण्याएवढी ताकद नसते. आपण बाहेर ओढू तशी पकड आणखी घट्ट. थोडी आत ढकलली की खिट्टी मोकळी. हे त्या पोराला कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "रोजचंच आहे साहेब." त्याने गन चार्जरच्या खोबणीत अडकवली, फडकं झटकलं आणि तो आत गेला. मोबाइल अजून कानाला होता. ताई आनंदाने म्हणाल्या, "सर, गन रिलीज झाली ना? मी इथूनच केली. मला पाचपैकी किती रेटिंग द्याल?"

इथे एका अन्यायाकडे लक्ष वेधायचंय. चार्जिंग संपल्यावर गाडी तशीच लावून ठेवणाऱ्यांकडून मिनिटाच्या हिशेबाने दंड घ्यायची पद्धत आहे. टेस्लाने ती २०१६ च्या डिसेंबरात सुरू केली आणि मग इतरांनीही उचलली. रास्तच आहे, मागे लोक खोळंबलेले असतात. पण हा दंड धरून चालतो की माणूस आळशी आहे. ज्याला जायचंय, ज्याने घाम गाळलाय, ज्याच्या डिकीतला फणस रस्त्यावर आलाय, त्याच्यासाठी ॲपमध्ये वेगळा रकाना नाही. त्याचंही मीटर चालूच.

गन निघाल्यावर सुटलो म्हणावं, तर केबल आहे. पावसाळ्यात ती आवारातल्या चिखलात वेटोळं घालून पडलेली असते आणि उचलताना नेमकी आपल्या पँटवर आडवी पट्टी मारून जाते. हायवेवरून आलेले दोन इलेक्ट्रिकवाले लग्नाच्या हॉलमध्ये एकमेकांना गुडघ्याखाली पाहून ओळखतात. मग फ्लॅप. तो उघडा राहिला की गाडी स्क्रीनवर सांगते, पण आपण सीटवर बसून पट्टा लावल्यावर. खाली उतरून फ्लॅप लावावा तर आतलं रबरी झाकण मध्ये येतं. ते झाकण एका अशक्त पट्टीने लोंबत असतं, आणि त्याने कोणत्या दिशेला लोंबायचं हे त्याचं तेच ठरवतं.

हायवे महिन्यातून एखाद्या वेळी. सोसायटी रोजची. आमच्याकडे सगळ्यांत मिळून एक ७.२ किलोवॅटचा चार्जर आहे. तो बसवून घ्यायला तीन वार्षिक सभा गेल्या, पण तो वेगळा लेख आहे. रात्रीच्या पाळ्या लावलेल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पाळी संध्याकाळी, त्यांच्यानंतर आमची. काकांची गाडी साडेदहाला पूर्ण भरते. काका दहाला झोपतात. त्यांची गाडी त्याच जातीची, मालकाने कुलूप उघडल्याशिवाय गन न सोडणारी. मी हातात काही नसताना खाली उभा, चार्जरवर हिरवा दिवा, गन काकांच्या गाडीत, काका अंथरुणात.

सोसायटीच्या ग्रुपवर मी अतिशय सभ्य निरोप टाकला. त्यावर पहिल्या मजल्यावरून दोन हात जोडल्याची चित्रं आली, पाचव्या मजल्यावरून 'शुभ रात्री' आणि एक दिव्याचा फोटो. काकांच्या दारावरची बेल वाजवली तर काकू आल्या. म्हणाल्या, "त्यांनी गोळी घेतलीय, आता सहाशिवाय उठायचे नाहीत. किल्ली कुठे ठेवतात मला सांगत नाहीत. चहा टाकू का?"

सेक्रेटरींनी सुचवलं की इलेक्ट्रिकवाल्यांनी एकेक किल्ली वॉचमनकडे द्यावी. काका म्हणाले, एकवेळ लॉकरची किल्ली देईन. मग कोणीतरी म्हणालं, मोबाइलच्या ॲपवरून अंथरुणातूनच कुलूप उघडता येतं की. येतं, पण मग गाडीची चारही दारं उघडतात आणि काकांच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांची छत्री असते. शिवाय ते करायला जागं असावं लागतं, हा मूळ मुद्दा तसाच राहिला.

शेवटी विषय सभेत आला. सेक्रेटरींनी मसुदा वाचला: 'सामायिक चार्जरचा वापर करणाऱ्या सभासदाने स्वतःच्या वाहनातून गन काढून जागेवर ठेवल्याशिवाय झोपू नये.' पेट्रोलवाल्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एकाने 'झोपू नये'च्या जागी 'निद्राधीन होऊ नये' अशी दुरुस्ती सुचवली, तिच्यावर बरीच चर्चा झाली आणि ती मंजूर झाली. सूचक मी होतो. अनुमोदक म्हणून एखादा इलेक्ट्रिकवालाच हवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा मागच्या रांगेत जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हलवून उठवलं आणि त्यांची सही घेतली.